गौरीसाठी घरचाच तेरडा: कधी पेरायचा, ऊन किती लागतं, कुंडी केवढी?

पडवीतली | १२ जून

नमस्कार मंडळी. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात. मुखवटे नाहीत, खडेही नाहीत. तेरड्याची रोपं मुळासकट पाणवठ्यावरून आणायची, जुडी बांधायची आणि तीच गौर. सासरी गुहागरच्या बाजूला हा तेरडा बांधाबांधावर फुकट उगवतो. इकडे डोंबिवलीत आवाहनाच्या आदल्या दिवशी बाजारात जुडी मिळते, पण तिची मुळं अर्धी तुटलेली, पानांनी माना टाकलेल्या, आणि भाव काय सांगू!

यंदा सोसायटीच्या गच्चीवर आपणच लावावा म्हणते. गावाहून आणलेलं बी कागदाच्या पुडीत आहे. गच्चीवर उघडीप असली की सकाळी आठ ते दुपारी दोनपर्यंत ऊन येतं. अधिक ज्येष्ठामुळे यंदा गणपती थेट १४ सप्टेंबरला, मागोमाग गौरी. गेल्या वर्षी २७ ऑगस्टलाच होते. आत्ता बी टाकलं तर गौरीपर्यंत झाडं म्हातारी होतील का? आणि उशिरा टाकलं तर फुलं येतील का? जाणकारांनी सांगा.

---

हिरवाचाफा | १२ जून

तेरड्याचा रंग तीन दिवस, आणि गौरीही तीनच दिवस. हिशोब जुळतोय की!

---

माळावरचा | १२ जून

ताई, आत्ता सगळं बी संपवू नका. तेरडा पेरल्यापासून साधारण ६० ते ७० दिवसांत फुलतो. १४ सप्टेंबरपासून मागे मोजलं तर जुलैचा पहिला आठवडा येतो. गावाकडे पहिल्या पावसाबरोबर आपोआप उगवलेला तेरडा सप्टेंबरच्या मध्यालाही फुललेला असतो हे खरं, पण तो जमिनीत असतो. कुंडीतलं झाड तितके दिवस तजेलदार राहत नाही, खालची पानं पिवळी पडून गळतात आणि नुसता दांडा उरतो. म्हणून दोन हप्त्यांत पेरा. थोडं जूनअखेर, बाकीचं ८-१० जुलैच्या सुमारास. पहिला हप्ता पुढे गेला तर दुसरा हाताशी असतो.

कुंडीचं म्हणाल तर खोली आठ-दहा इंच पुरे. मुळं उथळच असतात. त्यापेक्षा पसरट, रुंद काही मिळालं तर बरं, जुना टब, थर्माकोलची पेटी, काहीही. भोकं मात्र भरपूर हवीत. झाडाचं खोड पाण्याने भरलेलं असतं, त्यामुळे पाणी प्रिय आहे, पण कुंडीत पाणी तुंबलं की खोड जमिनीलगत काळं पडून मऊ होतं आणि झाड आडवं. गेलेलं झाड परत येत नाही. आमच्याकडे मी दोन भाग साधी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू घेतो. ओंजळभर निंबोळी पेंड. नुसतं कोकोपीट नको, पावसाळ्यात ते ओलं ते ओलंच राहतं.

बी खोल पुरू नका. मातीवर भुरभुरायचं, वरून चाळलेल्या खताचा जेमतेम थर, हाताने हलकं दाबायचं. मुसळधार पाऊस असेल तर पहिले दहा दिवस पत्र्याखाली किंवा जाळीखाली ठेवा, नाहीतर बी कोपऱ्यात वाहून जाऊन सगळी रोपं एकाच जागी दाटीने उगवतात. साधारण आठवड्यात कोंब दिसतात. चार-पाच पानं आली की सशक्त रोपं ठेवून बाकीची काढा, दोन झाडांत आठ इंच तरी अंतर हवं. काढलेली दुसऱ्या कुंडीत लावता येतात, तेरडा लहानपणी जागा बदलल्याचं मनाला लावून घेत नाही.

ऊन सहा तास आहे म्हणता, झकास. उघडं आकाश हेच खरं खत. सावलीत तेरडा नुसता उंच वाढतो आणि वाऱ्याने मोडतो.

---

शहाळं | १२ जून

वाचनखूण साठवली. माळावरचा यांच्या प्रतिसादाला +१.

---

दाभोळखाडी | १३ जून

एवढा खटाटोप कशाला, असं आमच्याकडची माणसं विचारतील. इकडे ऑगस्टात रस्त्याच्या कडा गुलाबी होतात. एसटीतून उतरा, हवा तेवढा घ्या, पुन्हा बसा. गणपतीला गावी याल तर लावायची गरजच नाही.

---

पडवीतली | १३ जून

दाभोळखाडी, यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, गौर इथेच बसणार. नाहीतर गावी यायला कुणाला नको आहे!

---

हिरवाचाफा | १३ जून

कासला पण तेरडाच असतो ना? सप्टेंबरमध्ये जाणार आहे, येताना चार रोपं आणू का तुमच्यासाठी?

---

माळावरचा | १३ जून

चाफा, ही गंमत असेल तर ठीक. नसेल तर हात जोडून सांगतो, तिथून पानसुद्धा आणू नका. सह्याद्रीतल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यात कास आहे. आणि तिथला गुलाबी गालिचा बराचसा इम्पेशन्स लॉई या बुटक्या तेरड्याचा. तो आपल्या गौरीचा इम्पेशन्स बाल्समिना नव्हे. त्याची सगळी घडण जांभ्या दगडावरच्या वीतभरही नसलेल्या मातीसाठी, तिथल्या धुक्यासाठी. कुंडीत तो जगत नाही, आणि तो वर्षायू आहे. यंदाचं झाड बी टाकण्याआधी उपटलंत की पुढच्या वर्षी त्या जागी तो नाही. फोटो काढायला फुलांत आडवी होणारी माणसं बघून आधीच डोकं फिरतं, त्यात ही भर नको.

रस्त्याकडेचा, बांधावरचा साधा तेरडा घ्यायला माझी ना नाही. तो अमाप आहे, आणि गौरीनंतर बांधकाम खात्याचं गवत कापणं त्याला सोडतही नाही. तिथूनही घेताना काही झाडं बोंडांसकट राहू द्यावीत एवढंच.

---

थोरलीकाकू | १४ जून

पडवीतली, बाई ग, दोन गोष्टी सांगते. नर्सरीत 'बालसम' म्हणून जे पाकीट मिळतं त्यातून गुलाबासारखी भरगच्च दुहेरी फुलं येतात. दिसायला छान, पण झाड ठेंगणं, खोड जाड. जुडी नीट बांधता येत नाही आणि ती डोलत नाही. गौर डोलली पाहिजे. तुझ्याकडे गावचं बी आहे तेच लाव.

दुसरं, झाडाचा शेंडा खुडू नकोस. झेंडू-शेवंतीच्या सवयीने हात जातो. तेरड्याची फुलं मुख्य खोडावर पानांच्या बगलेत लागतात. शेंडा खुडला तर फांद्या फुटतील, पण फुलं मागे पडतील आणि उंचीही जाईल.

कोल्हापूरकडे माझं माहेर. तिकडेही गौर तेरड्याचीच, नदीवरून वाजतगाजत आणायची. आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे वाटेत बोलायचं नाही. आम्हा बहिणींना हसू आवरायचं नाही आणि आईचे डोळे मोठे व्हायचे.

---

टेम्सकाठ | १५ जून

इंग्लंडहून विचारतोय. इथे 'बाल्सम' म्हटलं की शेजारी दचकतात. आमच्या नदीकाठी माणसाहून उंच गुलाबी बाल्समचं रान माजलंय, दर उन्हाळ्यात स्वयंसेवक उपटत असतात. आपला तेरडा लावला तर पंचाईत होईल का? बायकोला गौरीसाठी हवाय. येत्या ट्रिपला भारतातून बी आणावं म्हणतो.

---

कीटकवेडा | १५ जून

टेम्सकाठ, ते रान हिमालयन बाल्सम, इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा. आपल्या तेरड्याचा चुलतभाऊ, पण राहणार हिमालयातला, त्यामुळे थंडी त्याला मानवते. १८३९ साली हौसेने ब्रिटनमध्ये नेला आणि बागेतून निसटला. बोंड फुटलं की बी सात मीटरपर्यंत उडतं, नदीत पडलं की खालच्या गावाला. २०१० पासून इंग्लंड-वेल्समध्ये तो रानात लावणं किंवा वाढू देणं कायद्याने गुन्हा आहे. आपला तेरडा त्या यादीत नाही, तिथल्या पहिल्या कडाक्यातच तो मरतो. तिथल्या बियाणांच्या दुकानांत बाल्समिनाचं पाकीट मिळतं. भारतातून मात्र आणू नका, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतील.

तिकडे एप्रिलमध्ये घरात खिडकीशी पेरून धुकं-दहिवर संपल्यावर बाहेर काढा, म्हणजे मेअखेर-जून. तुमचं ऊन कोवळं, त्यामुळे दक्षिणेकडची भिंत बघा. यंदाला उशीर झालाय, पण आत्ता लगेच टाकलंत तर सप्टेंबरात काही ना काही फुलेल.

---

टेम्सकाठ | १५ जून

मंडळ आभारी आहे. आजच पाकीट मागवतो.

---

सातवा_मजला | १६ जून

माझा प्रश्न जरा वेगळा. गेल्या वर्षी बाल्कनीत लावला होता. झाडं कमरेला लागली, पानं हिरवीगार, आणि फूल? सप्टेंबर संपत आला तरी एखाददुसरं. खत दर आठवड्याला, पाणी वेळेवर. ज्या दुकानातून बी घेतलं तो म्हणाला "तुमच्या हाताला गुण नाही." बाल्कनी पूर्वेची आहे, समोर सोसायटीचा मोठा दिवा.

---

माळावरचा | १६ जून

खत दर आठवड्याला? तिथेच काम बिघडलं. नत्र जास्त झालं की तेरडा पानांत रमतो. रोपं तीन आठवड्यांची झाली की मूठभर गांडूळखत, बस. पूर्वेच्या बाल्कनीत वरच्या स्लॅबमुळे ऊन दोन तासांच्या वर मिळत नसेल, तेही एक.

---

कीटकवेडा | १६ जून

आणि तो दिवा. हसू नका, खरंच सांगतोय. तेरड्याच्या काही वाणांना फुलायला लांब रात्र लागते. वनस्पतीशास्त्रात हे झाड त्यासाठीच प्रयोगांत वापरलं गेलंय. फुलं धरायला लागलेली झाडं पुन्हा मोठ्या दिवसाच्या उजेडात ठेवली, तर उमलू घातलेलं फूल मधूनच विचार बदलतं आणि पाकळ्यांच्या जागी पानं काढू लागतं. १९८० च्या दशकात एडिंबरामध्ये यावर बरंच काम झालं.

आपल्याकडे जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, सप्टेंबरच्या मध्याला सव्वाबारावर येतो. रानातला तेरडा श्रावण-भाद्रपदात फुलतो त्यामागे पावसाइतकंच हेही कारण असावं. तुमच्या झाडांवर रात्रभर दिवा म्हणजे त्यांच्यासाठी आषाढ संपतच नाही. बागेतले सगळे वाण इतके काटेकोर नसतात, पण गावठी बियांच्या बाबतीत मी उजेडापासून लांबच ठेवेन. संध्याकाळी सातला जुनी गोणी किंवा खोका आडवा लावा, एवढ्यानेही फरक पडेल.

पडवीतली, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. उशिरा पेरलेली रोपं बुटकी राहतात, पण फुलायला लवकर लागतात, कारण दिवस तोवर आखडलेले असतात. मे महिन्यात पेरणाऱ्यांना उंची मिळते, फुलांसाठी वाट बघावी लागते.

---

सातवा_मजला | १६ जून

अरेच्चा. दिव्याचा विचार स्वप्नातही आला नसता. यंदा कुंड्या बेडरूमच्या खिडकीकडे हलवतो, तिथे पश्चिमेचं ऊन आहे. दुकानदाराला हा धागा छापून देणार आहे.

---

शहाळं | १७ जून

पश्चिमेच्या उन्हात तेरडा दुपारी लोळागोळा होतो ना? आमचा होतो.

---

माळावरचा | १७ जून

होतो. आणि लोक लगेच बादली ओततात. उघडिपीत दुपारी पानं खाली आली तर आधी मातीत बोट घाला. ओली लागली तर काही करू नका, संध्याकाळी झाड आपोआप उठतं. कोरडी लागली तरच पाणी. रोजचं पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नको. पाऊस ओसरल्यावर पानांवर पांढरी भुरी येते ती दाटीमुळे आणि रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांमुळे. सुरुवातीलाच ती पानं काढून टाका. पसरली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, ऊन नसताना फवारा.

---

पडवीतली | २६ जुलै

धागा वर काढते. दोन्ही हप्ते उगवले! पहिल्यातली रोपं वीतभर झालीत. पण काल सकाळी बघते तर एका कुंडीत तीन झाडांची नुसती खोडं. पानं रात्रीत गायब. आधी वाटलं गोगलगायी, कारण गच्चीच्या कोपऱ्यात दोन-चार सापडल्या होत्या. मग टॉर्च घेऊन बसले. पानाखाली काळपट, बोटाएवढी जाड अळी, अंगावर पिवळे गोल डोळे आणि शेपटीला शिंग! किंचाळलेच. हे काय प्रकरण?

---

कीटकवेडा | २६ जुलै

अभिनंदन! (राग मानू नका.) ते डोळे खोटे आहेत, पक्ष्यांना घाबरवायला. शिंगही टोचत नाही, चावतही नाही. ही हॉक मॉथ पतंगाची अळी, बहुधा थेरेट्रा. तेरडा तिचा आवडता, अळूवरही हीच मिळेल. दोन-चार दिवसांत ती मातीत शिरून कोष करेल, पण तोवर तुमची गौर खाऊन मोकळी होईल हे खरं. चिमट्याने उचला आणि सोसायटीच्या आवारात अळू असेल तर त्यावर सोडा. औषध मारू नका, फुलं धरायच्या वेळी मधमाश्या याव्या लागतात.

गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांजवळ टाका, पहाटे त्याखाली जमलेल्या सापडतील. उचलून साबणाच्या पाण्यात. मीठ मात्र कुंडीजवळ नको.

---

थोरलीकाकू | २७ जुलै

आमच्या आळीत अळू आहे ते मी वड्यांसाठी लावलंय. सोडू नका इकडे.

---

पडवीतली | २७ जुलै

काकू, अळू तुमचं सुरक्षित आहे. अळी मागच्या नाल्याकाठच्या रानअळूवर पोचवली, मुलगा डब्यात घालून घेऊन गेला. आता त्याला तिचं पतंग झालेलं बघायचंय, रोज नाल्यावर फेरी.

---

पडवीतली | २ सप्टेंबर

फुलं आली! पहिला हप्ता पूर्ण भरात, दुसऱ्याला कळ्या. गुलाबी, मधेच एक पांढरं झाड. आणि हिरवाचाफा यांच्या तीन दिवसांबद्दल: एक फूल खरंच दोन-तीन दिवसांत गळतं, पण खालून वर रोज नवी उमलताहेत, झाड रिकामं दिसत नाही.

---

कीटकवेडा | २ सप्टेंबर

भिंग असेल तर एक बघा. नव्या फुलाच्या आत, वरच्या बाजूला पांढरट टोपीसारखा गोळा दिसेल. ते पाचही पुंकेसर एकत्र चिकटलेले असतात, स्त्रीकेसराला पूर्ण झाकून. मधमाशी मागच्या वाकड्या शेपटीतला मध प्यायला आत शिरली की पराग तिच्या पाठीला लागतो. एक-दोन दिवसांनी ही टोपी आपोआप गळते आणि खालचा हिरवा स्त्रीकेसर उघडा पडतो. म्हणजे तेच फूल आधी नर, मग मादी. फूल गळायच्या आत हे दोन्ही प्रयोग उरकलेले असतात.

---

शहाळं | ३ सप्टेंबर

बी कसं धरायचं? आमचं दरवर्षी फुटून जमिनीवर जातं आणि मुंग्या नेतात.

---

दाभोळखाडी | ३ सप्टेंबर

हे आमच्याकडच्या पोराटोरांना विचारा! बोंडावर बारीक लव असते, मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळतं. गडद हिरवं असेपर्यंत हात लावू नका, आत बी पांढरं कच्चं असतं. हिरवा रंग फिका होऊन पिवळसर झाक आली की संपूर्ण बोंड मुठीत घ्यायचं आणि मूठ बंद ठेवूनच देठापासून तोडायचं. मुठीत अळी वळवळल्यागत होतं, पाचही सालं आत गुंडाळली जातात. मूठ ताटलीवर उघडा: गोल, तपकिरी, मोहरीहून जरा मोठं बी. दोन-तीन दिवस सावलीत वाळवून राख लावून कागदाच्या पुडीत. प्लॅस्टिकची पिशवी नको, बुरशी येते. इतकं करायचा कंटाळा असेल तर बोंडांभोवती मलमलची पुरचुंडी बांधून ठेवा.

गुलाबी-पांढरं शेजारी असेल तर पुढच्या वर्षी मिसळ रंग मिळतील. आम्ही त्याचं काही वाटून घेत नाही.

---

पडवीतली | ९ सप्टेंबर

शेवटचा प्रश्न. कुंडीतून मुळासकट कसं काढायचं? आणि पांढरं चालतं का गौरीला?

---

माळावरचा | ९ सप्टेंबर

आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी कुंडी भरपूर भिजवा. सकाळी ऊन चढायच्या आत कुंडी आडवी करून कडेने थोपटा, मातीचा गड्डाच बाहेर येईल. झाड ओढू नका, खोड मटकन मोडतं. गड्डा बादलीत बुडवून माती विरघळू द्या, म्हणजे बारीक मुळं शाबूत राहतात. जुडी बांधताना सुतळी सैल. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून तांब्यात ठेवलीत तर विसर्जनापर्यंत टवटवीत राहील. दोन झाडं मात्र बियाण्यासाठी कुंडीतच सोडा, आणि पुढच्या वर्षी त्या कुंडीतली माती बदला, खोडकुजीची बुरशी मातीत राहते.

---

थोरलीकाकू | ९ सप्टेंबर

आमच्याकडे गुलाबीच, पण तुझ्या सासूबाईंना विचार, घरोघरची रीत वेगळी. हो म्हणाल्या तर पांढरं मधे ठेव आणि गुलाबी भोवती.

---

पडवीतली | १० सप्टेंबर

विचारलं. त्या म्हणाल्या, "पांढरं बियाण्याला ठेव, आणि उरलेल्यातली एक जुडी समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींना दे, त्यांना बाजारात मिळत नाहीये."